आधी आई, मग लेकी

मावशींच्या हातून अठ्ठावीस वर्षांत जेवढं शेवाळ गेलं, ते सगळं अंथरलं तर एक अख्खं मैदान हिरवं होईल, असं एकदा लॅबमधल्या कुणीतरी कौतुकानं म्हटलं होतं. मावशींनी वर न बघताच विचारलं, "आणि त्यावरून घसरून पडतील त्यांची हाडं कोण बसवणार?"

जिभेला अशी धार, पण कामाच्या वेळी अवाक्षर नाही. मॉसच्या, म्हणजे शेवाळाच्या, लॅबमध्ये त्या नोकरीला लागल्या तेव्हा तिथल्या आत्ताच्या निम्म्या लोकांना मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे शिकायला आलेली प्रत्येक पोर त्यांना मावशी म्हणू लागली, आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. शिकणारे येत, चार-पाच वर्षं घासत, डॉक्टर होऊन जात. जाताना भिंतीवर एक फोटो लागे. मावशी फोटोत कधी नसत, कारण फोटो काढायला कॅमेरा त्यांच्याच हातात दिलेला असे.

तिथलं मॉस म्हणजे पाणी आटलेल्या तळ्याच्या काठी चिखलावर उगवतं तसलं, नखाएवढं. मोठमोठे लोक त्याच्यामागे लागतात, कारण त्याची एक खोड आहे. दुसऱ्या झाडात बाहेरून एखादा गुण घालायचा म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखं, कुठे लागेल सांगता येत नाही. मॉस मात्र सांगितलेल्या जागीच सांगितलेली गोष्ट घेतं. नेमका एक जीन काढा, नेमका एक घाला, आणि बघा काय बिघडतं. झाडाचं आतलं यंत्र कसं चालतं ते असं एकेक खिळा काढून कळतं म्हणे. मावशींना त्यातलं सगळं कळायचं नाही आणि काहीच कळत नाही असंही नव्हतं.

त्यांचं काम दर मंगळवारी. आठवडाभर वाढलेलं मॉस चिमट्यानं उचलायचं, काचेच्या भांड्यात निर्जंतुक पाणी घालून छोट्या मिक्सरवर फिरवायचं आणि ते हिरवं पाणी नव्या प्लेटवर ओतायचं. मॉसचा तुकडा न् तुकडा पुन्हा वाढतो. कितीही बारीक करा, मरत नाही. नव्यानं आलेल्यांना हे बघून गंमत वाटते. मावशींनाही पहिले काही महिने वाटली होती.

ज्या मॉसला कुणी कधी हात लावलेला नाही, मूळचं, जसं निसर्गात होतं तसं, त्याला लॅबमध्ये 'आई' म्हणत. तिच्यात बदल करून बनवलेल्या त्या 'लेकी', एक नंबर, दोन नंबर अशा. ही नावं ठेवली थोरल्या सरांनी. ज्यांनी लॅब उभी केली ते थोरले सर, आता हयात नाहीत. मिक्सरवरच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं एक पाटी लावली होती: 'आधी आई, मग लेकी.' आईला ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, वाफेतून नुकतंच निघालेलं भांडं. ती फिरवून, झाकून, आत ठेवली की मगच लेकींना हात लावायचा. पहिल्या दिवशी मावशींनी विचारलं होतं, उलट केलं तर काय होतं? सर म्हणाले, "लेकींच्या प्लेटमध्ये औषध असतं, लेकी त्यात तगतात. आईचा कण तिथे गेला तर औषध त्याला मारतं. पण लेकीचा एक कण आईत गेला, तर त्याला मारणारं तिथे कुणी नसतं."

हे वाक्य मावशींना पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीच माणूस सगळ्यात आधी विसरतो.

मावशींचं लग्न झालं नाही की त्यांनी केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. धाकटी बहीण वारली तेव्हा तिची मुलगी नऊ वर्षांची होती. बापानं वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला. मावशी गेल्या, पोरीची एक पिशवी उचलली आणि तिला घेऊन घरी आल्या. दारात आलेल्या बायका म्हणाल्या, "माय मरो पण मावशी जगो, खोटं नाही." मावशींना ही म्हण अगदी नकोशी व्हायची. मेलेल्या बहिणीबद्दल असं तोंड वर करून कसं बोलतात लोक!

त्या पोरीला घरीदारी सगळे खारू म्हणत. कारण तिला कधी काही टाकवत नसे. पेन्सिलींचे तुकडे, तुटकी बटणं, चॉकलेटचे कागद, सगळं उशीखाली. एकदा वर्गातल्या मुलीचं खोडरबर निघालं, सुगंधी. मावशी म्हणाल्या, "अगं, हे कुणाचं?" खारू म्हणाली, "सापडलं." मावशींना इतकं हसू आलं की त्यांनी ते ओळखीपाळखीत चार जणांना सांगितलं. मोठी झाल्यावरही खारू सहीच्या जागी एक गोल वळलेली शेपटी काढायची, आणि लॅबमधल्या बाटल्यांवर, डब्यांवर ती शेपटी दिसली की मावशींच्या तोंडावर आपोआप हसू यायचं.

हो, लॅबमध्ये. खारू हुशार निघाली, परीक्षा दिली आणि त्याच लॅबमध्ये शिकायला आली. वशिल्यानं नाही, हे मावशी न विचारताच सांगायच्या. आता तिला पाच वर्षं झाली होती. प्रबंध लिहून झाला होता आणि दोन महिन्यांवर तोंडी परीक्षा होती. तिचं काम मॉसच्या सुकण्यावरचं. आईला बारा दिवस कोरडं ठेवलं आणि मग पाणी दिलं तर ती पुन्हा हिरवी होते. खारूनं तिच्यातला एक जीन काढला, तर ती पाचव्या दिवशीच मेली. म्हणजे मॉसला कोरडेपणात जगवतो तो हा जीन. आत्ताचे सर, म्हणजे थोरल्या सरांचेच विद्यार्थी, पाहुणे आले की खारूच्या त्या दोन प्लेटा शेजारी ठेवून दाखवत. एक हिरवी, एक तपकिरी. मावशी दारातून बघत आणि लगबगीनं निघून जात. आपलीच दृष्ट लागायची, असं त्यांना वाटे.

त्याच दिवसांत एक पत्र आलं. दूरच्या एका लॅबमधल्या मुलीचं. तिनं खारूचा लेख वाचला होता आणि तिला त्यावरच पुढचं काम करायचं होतं. 'माझी पुढची चार वर्षं या मॉसवर आहेत, म्हणून काळजीपूर्वक सुरुवात करते आहे,' असं तिनं लिहिलं होतं. तुमची आत्ताची आई पाठवा, आणि तिचा फार जुना नमुना जपलेला असेल तर तोही पाठवा, मी दोन्ही ताडून बघेन. सरांनी पत्र मावशींच्या हातात दिलं. "तुम्ही रिटायर व्हायच्या आधी तेवढं पार्सल करून टाका, मावशी. जुनं फक्त तुम्हालाच सापडेल."

रिटायर व्हायला तीन महिने होते. मावशींना बरं वाटलं. कोपऱ्यातल्या, जुने नमुने गोठवून ठेवायच्या नायट्रोजनच्या टाकीचं झाकण त्यांनी उघडलं, पांढरी वाफ पायांवरून जमिनीवर सांडली, आणि त्यांनी लांब दांडीनं तळाचा डबा ओढून थोरल्या सरांच्या अक्षरातली वीस वर्षांपूर्वीची नळी वर काढली. बऱ्याच पेशी मेलेल्या होत्या. पण प्लेटवर ओतल्यावर पंधराव्या दिवशी चार धागे फुटले, तिसऱ्या आठवड्यात हिरवा ठिपका झाला. मावशींनी तो ठिपका आत्ताच्या आईशेजारी ठेवला, दिवा जवळ ओढला आणि बघितलं.

आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

दुसऱ्या कुणाला काही दिसलं नसतं. मॉस ते मॉस. पण आई कधीच इतकी भराभर पसरत नसे. तिचा हिरवा थोडा पिवळ्याकडे झुकलेला असे. शेजारी ठेवलेली ही गडद होती, जाड होती, आणि प्लेटच्या कडेपर्यंत पोचलेली होती. अशी वाढणारी मावशींना एकच आठवत होती, लेक नंबर सात. कसल्याशा प्रयोगासाठी बनवली होती, कामाला आली नाही, आणि टाकून दिली त्यालाही दहा वर्षं झाली.

खात्री करायचा एक मार्ग होता. दहा वर्षांपूर्वीपर्यंत लॅबमध्ये एक जुनं औषध वापरत. त्या काळातल्या लेकी, म्हणजे नऊ नंबरपर्यंतच्या, त्यात जगायच्या. आई मरायची. मग ते औषध मिळेनासं झालं, दुसरं आलं, आणि जुन्याची एक बाटली फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहिली. मावशींनी ती हुडकली. लॅबचा रिवाज असा की बाटली जो उघडेल त्यानं झाकणावर तारीख घालून सही करायची. मावशींना वाटलं होतं, बर्फ खरवडला की दहा वर्षांपूर्वीची तारीख निघेल. तारीख निघाली सव्वादोन वर्षांपूर्वीची. शेजारी एक गोल वळलेली शेपटी.

मनात पाल चुकचुकली. पण मावशींनी स्वतःलाच दटावलं. असेल काहीतरी काम तिचं, प्रत्येक बाटलीचा जाब विचारायचा का? त्यांनी औषध घातलेल्या दोन प्लेटा केल्या. एकीवर जुनी आई, दुसरीवर आत्ताची. दहा दिवस थांबायचं.

ते दहा दिवस मॉस वाढवायच्या ग्रोथ रूममध्ये शिरायला त्यांना नको वाटे. खोली तीच, पांढरे दिवे तेच, पंख्याची घरघर तीच. कपाटांवर ओळीनं ठेवलेल्या शेकडो प्लेटा, सगळ्या आईच्या पोटच्या. अठ्ठावीस वर्षं या खोलीत त्यांना बाहेरच्यापेक्षा जास्त सुरक्षित वाटत आलं होतं. आता त्या आत गेल्या की वाटे, इतकं हिरवं आपल्याकडे बघत आहे आणि त्याला सगळं माहीत आहे.

कारण त्यांना तो मंगळवार आठवला होता. विसरल्या होत्या असं नव्हे, नुसता बाजूला सरकवून ठेवला होता. अकरा वर्षं झाली. त्या सकाळी ऑटोक्लेव्ह बिघडला होता, दुरुस्त व्हायला दुपार झाली, आणि आईचं भांडं उशिरा आत गेलं. वेळ फुकट जायला नको म्हणून मावशींनी पाटीखाली उभं राहून सात नंबर आधी उरकायला घेतली. एवढ्यात शाळेतून फोन आला. खारू जिन्यावरून पडली, हाताचं हाड मोडलंय, दवाखान्यात नेतोय, या. ऑटोक्लेव्हला अजून चाळीस मिनिटं होती. मावशींनी सात नंबरचंच भांडं तीनदा स्पिरिटनं धुतलं, तीनदा निर्जंतुक पाण्यानं विसळलं आणि त्यात आई फिरवली.

आई एक दिवस थांबली असती. काही बिघडत नव्हतं. पण मावशींचा एकही मंगळवार आजवर चुकला नव्हता, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांनी रजिस्टर उघडलं. 'भांडं ऑटोक्लेव्हचं' यापुढे खूण केली, 'क्रम' यापुढे खूण केली, सही ठोकली आणि पळत सुटल्या. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खारूला प्लास्टर होतं. तिसऱ्या दिवशी वाटलं, इतकं धुतलंय, काय राहणार आहे त्यात? चौथ्या दिवशी वाटणंही बंद झालं.

भांड्याच्या पात्याखाली एखादा कण राहिला असेल. तो पुढच्या मंगळवारी फिरला, दोन झाले. त्याच्या पुढच्या मंगळवारी चार. सात नंबर भराभर वाढायची. अकरा वर्षांचे मंगळवार, आणि प्रत्येक मंगळवारी मावशींनी स्वतःच्या हातानं आईत ती थोडी थोडी मिसळली. आई कधी संपली, कोणत्या वर्षी, कुणाला कळलं नाही.

दहाव्या दिवशी जुनी आई पांढरी फटक पडली होती. बरोबर. तिनं मरायलाच हवं होतं. शेजारची हिरवीगार होती. औषधात नाहून निघाल्यासारखी ताजी.

मावशी स्टुलावर बसल्या. सगळ्यात आधी त्यांना खारू आठवली. म्हणजे खारूनं बारा दिवस सुकवून जगवली ती आई नव्हतीच. याच दहा दिवसांत त्यांनी हळूच जुनी आईही सुकायला ठेवून पाहिली होती. ती सहाव्या दिवशीच गेली होती. खारूचा जीन असो वा नसो, खरी आई बारा दिवस काढूच शकत नव्हती. पोरीची पाच वर्षं त्यांच्या एका मंगळवारनं खाल्ली होती, आणि तो मंगळवारही तिच्याचसाठी पळत सुटल्याचा.

पार्सलचाही पेच होता. त्या दूरच्या मुलीला आत्ताची पाठवली, तर ती जीन तपासणार आणि सात नंबर सापडणार. खरी आई पाठवली, तर खारूचा प्रयोग तिथे जमणारच नाही, आणि खारू खोटी ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर. मावशींनी ठरवलं, खारूला आजच सांगायचं. चूक माझी, मी सरांपुढे कबूल करते, तू फक्त पुन्हा उभी राहा. मी अजून दोन महिने आहे, रात्रंदिवस हाताशी राहीन.

आणि मग त्यांना ती शेपटी पुन्हा आठवली.

ग्रोथ रूमच्या टोकाला एक थंड कपाट होतं. मंद उजेडात मॉस तिथे वर्षानुवर्षं झोपून राहतं. खारूचा ट्रे सगळ्यात खालच्या फळीवर. मावशींनी गुडघे टेकले, ट्रे ओढला, वरच्या प्लेटा एकेक करून बाहेर ठेवल्या. तळाशी, उशीखाली ठेवावी तशी, टेपनं बंद केलेली एक प्लेट होती. वापरून झालेली प्लेट ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकायची, आतलं मॉस वाफेत मारायचं आणि मगच बाहेर पाठवायची, हा नियम. पण खारूला कधी काही टाकवत नसे. झाकणावर तिच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'आई. जुनं औषध.' खाली तारीख, बाटलीवर होती तीच. खाली शेपटी.

आत हिरवं होतं.

मावशी किती वेळ गुडघ्यांवर होत्या कुणास ठाऊक. उठल्या तेव्हा फरशीच्या रेघा गुडघ्यांवर उमटल्या होत्या.

संध्याकाळी खारू घरी आली, तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मटार सोलायला घेतले. मावशींनी प्लेट तिच्यापुढे ठेवली. खारूनं पाहिलं. दचकली नाही. मावशींना तेच जास्त लागलं.

"तू माझा ट्रे उपसलास?"

"अठ्ठावीस वर्षं ट्रेच उपसतेय मी. हे काय आहे ते सांग."

"दिसतंय की तुला."

"तुला दोन-अडीच वर्षांपासून माहीत आहे, खारू?"

"सव्वादोन." तिनं शेंग मोडली. "सुकवण्याचे आकडे फारच छान यायला लागले तेव्हा शंका आली. म्हणून बघितलं."

"मग? सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तिसरं वर्ष संपत आलं होतं, मावशी. पहिल्यापासून करा म्हणाले असते."

"मला तरी सांगायचंस!"

"तुला?" खारू हसली. वाईट हसली नाही, अगदी मायेनं हसली. "तू त्याच दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली असतीस. मी ओळखत नाही का तुला?"

हे खरं होतं. खारू त्यांना समजावणीच्या सुरात सांगू लागली. "हे बघ, झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे. त्या बाईला आत्ताचं पाठवून दे. जुनं जगलं नाही म्हणून लिहू. महिनाभर निघाला की झालं."

"आणि तिला सापडलं तर? चार वर्षं घालवणार आहे ती पोर यावर."

"सापडलं तर सापडलं. मला जे मॉस दिलं त्यावर मी काम केलं, एवढंच माझं. रजिस्टर तुझ्या हातचं आहे, खुणा तुझ्या आहेत, सही तुझी आहे. मी बघून ठेवलंय. आलं तर ते तुझ्याकडे येईल. आणि तू तर तोवर घरी बसलेली असशील." मटारचे दाणे तिनं ओंजळीनं भांड्यात सोडले. "तुझं काय जाणार आहे?"

नेमकं हेच मावशी तिला सांगणार होत्या. दोष माझ्यावर घेते, माझं काय जाणार आहे, असं म्हणून तिला जवळ घेणार होत्या. आपण कुणाला द्यायला म्हणून काही हातात धरून यावं, आणि त्यानं ते दोन वर्षांपूर्वीच आपल्या खिशातून काढून घेतलेलं असावं, तसं झालं. मावशींना राग आला नाही. त्यांना फार वाईट वाटलं, इतकं की बहीण गेली त्या दिवसानंतर तेवढं वाईट त्यांना कधीच वाटलं नव्हतं. पोरीनं केसानं गळा कापला होता, आणि कापताना तिच्या मनात मावशींबद्दल प्रेमच होतं. हे कसं सोसायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"तूच म्हणतेस ना," खारू म्हणाली, "माझ्यासाठी काहीही करशील?"

"करीन," मावशी म्हणाल्या. त्यांनी प्लेट उचलली आणि आपल्या पिशवीत ठेवली. खारूला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मावशी नेहमीच्या वेळी आल्या, अॅप्रन चढवला, वाफेतून निघालेलं भांडं मिक्सरवर बसवलं आणि आईची प्लेट हातात घेतली. पाटीकडे नजर गेली. हात जागच्या जागी थांबला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मंगळवार चुकला.

त्या तिथेच उभ्या राहून सुगंधी खोडरबराचा विचार करत होत्या. त्या हसल्या नसत्या तर? पण नुसता तोच कण नव्हे. मोडका हात गळ्यात घेऊन खारू त्या मंगळवारी विचारत होती, "मावशी, तू काम टाकून आलीस?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "नाही गं, सगळं उरकून आले." शांतपणे, पोरीच्या केसांवरून हात फिरवत. त्या पोरीनं दुसऱ्या कुणाकडून काय शिकावं? आज झाकलं तर ती उद्या डॉक्टर होईल, परवा कुणाची तरी मॅडम होईल, तिच्या हाताखाली पोरं येतील. दर आठवड्याला थोडं थोडं मिसळत जाईल, आणि मारणारं तिथे कुणी नसेल.

मावशींनी तीन प्लेटा घेतल्या. दोन हातात धरल्या, एक अॅप्रनच्या खिशात घातली, रजिस्टर काखेत मारलं, आणि सरांच्या खोलीचं दार लोटलं.

खारू तिथेच होती. परीक्षेत दाखवायची चित्रं ती सरांना दाखवत होती. सर खुशीत होते. "या मावशी. झालं का पार्सल?"

मावशींनी टेबलावर दोन प्लेटा ठेवल्या. एक पांढरी, एक हिरवी. "ही थोरल्या सरांच्या नळीतली आई. ही आत्ताची. दोन्ही जुन्या औषधावर."

सरांचं हसू ओठांवरच राहिलं. ते वाकले. मावशींनी सगळं सांगितलं. बिघडलेला ऑटोक्लेव्ह, शाळेचा फोन, सात नंबरचं भांडं, रजिस्टरमधल्या खोट्या खुणा. एकही गोष्ट त्यांनी मऊ करून सांगितली नाही. रजिस्टरचं ते पानही त्यांनी उघडून ठेवलं.

"अकरा वर्षं," सर म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "किती जणांचं काम आहे यावर, मावशी?"

"सात जणांचं. भिंतीवर फोटो आहेत."

सर खुर्चीत बसले आणि त्यांनी खारूकडे पाहिलं. खारूच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं. "मला…" ती म्हणाली, "मला हे आत्ताच कळतंय, सर."

इतकं सहज. सुगंधी रबर 'सापडलं' म्हणाली होती तसं.

"तुझा काय दोष यात, बाळ," सर म्हणाले. मग मावशींकडे वळून त्यांनी विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत होतं?"

खारूनं मान वर केली नाही. तिला उत्तर माहीत होतं. मावशी काय म्हणतील हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"सर," मावशी म्हणाल्या, "आईचं सांगून झालं." आणि त्यांनी खिशातून तिसरी प्लेट काढून, झाकणावरचं अक्षर वर दिसेल अशी, उरलेल्या दोघींच्या शेजारी ठेवली.

टेबलाखालून एका हातानं मावशींच्या अॅप्रनचं टोक घट्ट पकडलं, नऊ वर्षांची असताना पकडायची तसंच. मावशींनी ते सोडवलं नाही. सर चष्मा लावून झाकणावरची तारीख वाचत होते.